परत न येणारा गृहपाठ

‘मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का हो?’ अभ्यासकेंद्रावर प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न अजूनही रोज विचारला जातो. उत्तर एका शब्दाचे आहे: चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांत तशी तरतूद आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने वेगळी सूचना काढून पुन्हा स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी ही वर्गात बसून मिळवलेल्या पदवीशी समकक्षच धरायची. राज्यसेवेच्या अर्जाला ती चालते, बँकेच्या परीक्षेला चालते, पुढे एम.ए.ला चालते. समकक्षतेचा वाद कागदोपत्री मिटला आहे आणि आता त्यावर फार शक्ती घालवू नये.

त्याहून अवघड प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तीन वर्षे फी भरलेल्या या विद्यार्थ्याला या काळात शिकवले कुणी?

दूरशिक्षणात शिक्षक नसतो, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. शिक्षक असतो, पण तीन ठिकाणी विभागलेला. पहिला छापील पुस्तकात, दुसरा संपर्कसत्रात, म्हणजे केंद्रावर अधूनमधून भरणाऱ्या वर्गात, तिसरा गृहपाठाच्या समासात लिहिलेल्या शेऱ्यांत. या तिघांपैकी पहिला आपल्याकडे चांगला उभा राहिला. दुसरा लंगडतो आहे. तिसरा जवळपास गेल्यातच जमा आहे, आणि तो गेल्यामुळे या पदवीचा कणा मोडतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी पुस्तकाविषयी, कारण तिथे दाद द्यायलाच हवी. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने पहिल्यापासून मराठीत पाठ्यपुस्तके लिहून घेतली. स्वयं-अध्ययनाचे पुस्तक आणि बाजारातले गाइड यांत मूलभूत फरक असतो. चांगल्या स्वयं-अध्ययन पुस्तकातला घटक उद्दिष्टांनी सुरू होतो: हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला काय सांगता यायला हवे ते तिथे लिहिलेले असते. मग प्रास्ताविक, लहान तुकड्यांत केलेले विवेचन, प्रत्येक तुकड्यानंतर थांबून सोडवायचे प्रश्न, त्यांची उत्तरे घटकाच्या शेवटी, सारांश, पारिभाषिक शब्द, पुढच्या वाचनाची पुस्तके आणि बऱ्याच ठिकाणी क्षेत्रीय कार्य. वर्गातला मास्तर जसा मध्येच थांबून ‘कळलं का?’ विचारतो, तसे हे पुस्तक विचारते. म्हणून ते कादंबरीसारखे सलग वाचायचे नसते. हातात पेन्सिल घेऊन, मधले प्रश्न खरोखर सोडवून, मगच पुढे जायचे असते. जे विद्यार्थी मधले प्रश्न गाळतात त्यांना परीक्षेच्या आधल्या आठवड्यात सगळे ‘वाचल्यासारखे वाटते’, पण लिहिता काहीच येत नाही. इग्नूचे, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, असे साहित्य ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येते, पण ते बहुतांशी इंग्रजी-हिंदीत. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, ग्रंथालयशास्त्र असे विषय पदवीच्या पातळीवर मराठीतून शिकण्याची सोय मुक्त विद्यापीठाने केली. आपल्या भाषेवर हे मोठे उपकार आहेत.

संपर्कसत्रांची गोष्ट वेगळी. ती बहुधा रविवारी ठेवली जातात, कारण महाविद्यालयाचे वर्ग त्या दिवशी रिकामे असतात. सोय इमारतीची पाहिली जाते, विद्यार्थ्यांची नाही. घर सांभाळून शिकणाऱ्या बाईला रविवारइतका अडचणीचा दिवस दुसरा नसतो: सगळे घरात, पाहुणे, आठवड्याचे दळणकांडण. तिला मंगळवारी दुपारी बारा ते तीन मोकळे असतात. पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. पोलीस शिपायाला तर बंदोबस्त लागला की रविवार आणि सोमवार सारखेच. मग चाळीस जणांच्या तुकडीत सहा जण येतात, पुढच्या वेळी दोघे, आणि तिसऱ्या सत्राला समंत्रक, म्हणजे केंद्रावर शिकवायला नेमलेला शिक्षक, हजेरीपत्रकावर सही करून निघून जातो. ‘विद्यार्थी येतच नाहीत’ हे त्याचे म्हणणे खरे असते. वेळ विद्यार्थ्यांना विचारून ठरवली असती तर किती आले असते, हे मात्र कुणी तपासलेले नसते.

आता गृहपाठ. याला कुणी सत्रीय कार्य म्हणते, विद्यार्थी सरळ ‘असाइनमेंट’ म्हणतात. दूरशिक्षणाचा जन्मच मुळात यातून झाला. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली जे सुरू केले त्याला तेव्हा पत्रद्वारा शिक्षण म्हणत. पत्र म्हटले की उत्तर आलेच. विद्यापीठाने पाठ टपालाने पाठवायचे, विद्यार्थ्याने उत्तरे लिहून पाठवायची, शिक्षकाने ती तपासून, काय चुकले ते लिहून, परत धाडायची. १९८२ साली हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ झाले, १९८५ साली इग्नू झाले. नाव बदलले, माध्यमे बदलली, पण मूळ करार तोच राहिला. इग्नूच्या शिक्षणक्रम पुस्तिकेत आजही छापलेले असते, की तपासलेला गृहपाठ शेऱ्यांसह विद्यार्थ्याला परत मिळेल. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत तर गृहपाठावर शेरे लिहिणे हेच शिक्षकाचे मुख्य शिकवणे मानले जाते आणि त्या शेऱ्यांचे नमुने काढून दुसरा अनुभवी शिक्षक ते नीट लिहिलेत का हे पाहतो.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय होते, ते या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी सोडवलेल्या गृहपाठाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरू लागते. झेरॉक्सच्या दुकानात ती विकत मिळते. ज्यांना उतरवून काढायलाही वेळ नाही त्यांच्यासाठी हाताने लिहून देणारे लोक आहेत. वही केंद्रावर जमा होते, मुखपृष्ठावर नाव, नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा सांकेतांक. आत दर पानावर एक लाल बरोबरची खूण. शेवटच्या पानावर शंभरपैकी ७०, ७२, ७५. वही परत येत नाही, आणि कुणी ती मागायलाही जात नाही. लेखी परीक्षेत मग त्याच विद्यार्थ्याला त्याच विषयात अडतीस-चाळीस पडतात. सर्वसाधारणपणे गृहपाठाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. म्हणजे पदवीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग असा कुणी न लिहिलेला आणि कुणी न वाचलेला आहे.

यात विद्यार्थ्याला लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तपासणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. एका केंद्रावर २०० विद्यार्थी, प्रत्येकाचे सत्राला पाच विषय, म्हणजे १००० वह्या. एक वही वाचून, समासात चार शेरे आणि शेवटी दोन ओळींचा अभिप्राय लिहायला किमान १५ मिनिटे लागतात. एकूण २५० तास. केंद्रावर तीन समंत्रक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ८३ तास, तेही आपापल्या महाविद्यालयाची नोकरी सांभाळून, परीक्षेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत, दर वहीमागे मिळणाऱ्या किरकोळ मानधनावर. वही कुणी वाचणार नाही हे विद्यार्थ्याला माहीत असते, म्हणून तो उतरवतो. वही उतरवलेली आहे हे समंत्रकाला माहीत असते, म्हणून तो वाचत नाही. दोघांचेही वागणे आपापल्या जागी समजण्यासारखे आहे, आणि म्हणूनच हा रोग उपदेशाने बरा होणार नाही.

एक शेरा काय करू शकतो ते पाहण्यासारखे आहे. समजा प्रश्न ग्रामसभेच्या अधिकारांवर आहे. उत्तराखाली ‘छान’ लिहिले तर विद्यार्थ्याला काही मिळत नाही. पण तिथे असे लिहिले: ‘अधिकार बरोबर सांगितलेत. गणपूर्ती झाली नाही तर पुढे काय होते हे राहिले, ते याच घटकात आहे. गेल्या वर्षी तुमच्या गावात किती सभा तहकूब झाल्या हे ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात पाहा आणि उत्तरात घाला.’ तीसेक शब्द झाले. एवढ्याने विद्यार्थी पुस्तकाकडे परत जातो, गावाच्या कार्यालयात जातो आणि आपण लिहिलेले कुणीतरी वाचले, हे त्याला कळते. तालुक्याच्या गावी बसून एकट्याने शिकणाऱ्या माणसाला हे शेवटचे कळणे किती मोलाचे असते! शिक्षण अर्ध्यावर सोडणारे कितीतरी जण विषय कठीण गेला म्हणून सोडत नाहीत. आपण आहोत काय आणि नाही काय, कुणाला फरक पडत नाही, असे वाटू लागते म्हणून सोडतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. पोलीस शिपाई, एसटीचा वाहक, अंगणवाडी सेविका, दुकानात काम करणारा पोरगा यांना पदवीचा शिक्का हवा असतो, बढतीसाठी किंवा परीक्षेला बसण्यासाठी. त्यांच्यावर लिहिण्याचा बोजा कशाला? शिक्का मिळू द्या, पुढचे ते बघतील. हा युक्तिवाद दयेचा वाटतो, पण त्यात त्यांचेच नुकसान आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पर्यायांपुढे गोल काळे करणाऱ्याला आता पानेच्या पाने स्वतःच्या शब्दांत लिहायची आहेत. ज्याने तीन वर्षांत एकही उत्तर स्वतः लिहिले नाही, ज्याच्या लिखाणावर कुणी बोट ठेवले नाही, तो तिथे पहिल्याच पानावर अडतो. पुण्यात शिकवणी लावायला पैसे असणारा तिथे उत्तरलेखन शिकतो, त्याच्या वह्या तिथे तपासून मिळतात. ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी मुक्त विद्यापीठ होते. त्याच्या हातात शिक्का देऊन लिहिण्याचा सराव काढून घ्यायचा, याला न्याय म्हणता येणार नाही.

नियमनाचा भर कशावर आहे तेही पाहायला हवे. दूरशिक्षण घेताना विद्यार्थ्याने तपासायच्या गोष्टी आज बऱ्याच आहेत आणि त्या तपासल्याच पाहिजेत. संस्थेला सरसकट मान्यता असून पुरत नाही. नेमक्या त्या शिक्षणक्रमाला, नेमक्या त्या सत्रासाठी, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या किंवा जानेवारी-फेब्रुवारीच्या प्रवेशासाठी, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत नाव आहे का, हे पाहावे लागते. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा, हॉटेल व्यवस्थापन यांच्या पदव्या या मार्गाने घेता येत नाहीत, पीएच.डी.ही नाही. वर्गातली एक आणि दूरशिक्षणाची एक अशा दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला २०२२ पासून परवानगी आहे. शिकवणीवाल्याला, एजंटाला केंद्र चालवायला देणे निषिद्ध आहे, तेव्हा ‘एका वर्षात पदवी काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून तसेच परत फिरावे. २०२४ पासून प्रवेशाआधी स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्याआधी डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा, क्रमांक लागतो, आणि तिथले नाव आधारप्रमाणे असते. इथेच महाराष्ट्रातल्या शेकडो बायका अडकतात: दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, आधारवर सासरचे. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच हाताशी ठेवावी, शेवटच्या दिवशी ती मिळत नाही.

ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. २००१ ते २००५ या काळात काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगित केल्या आणि नोकरीला लागलेल्या माणसांवर पुन्हा परीक्षा देण्याची वेळ आली. तेव्हा ओळख क्रमांक हवेत, नॅक या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचे चारपैकी ३.०१ गुण हवेत, याद्या हव्यात. पण या सगळ्या चाळणीत एकही जाळी अशी नाही, की जी विचारते: गेल्या सत्रातल्या किती वह्या शेऱ्यांसह, परीक्षेच्या आधी, विद्यार्थ्याच्या हातात परत पडल्या? प्रवेशाच्या दाराशी पहारा आहे, आत मात्र कुणी पाहत नाही.

करायचे काय, तर आधी वह्या कमी करा. पाच विषयांपैकी तीन विषयांचे अंतर्गत मूल्यमापन संगणकावरच्या छोट्या वस्तुनिष्ठ चाचण्यांनी होऊ शकते, त्याला माणूस लागत नाही. उरलेल्या दोन विषयांचाच गृहपाठ लेखी ठेवा. वरच्या हिशेबातल्या १००० वह्यांच्या ४०० होतात, २५० तासांचे १०० तास, आणि तीन समंत्रकांना प्रत्येकी ३३ तास. हे होण्यासारखे आहे. पाचही वह्यांसाठी दिले जाणारे मानधन या दोन वह्यांवर खर्च केले तर दर वहीचा दर अडीचपट होतो, विद्यापीठाच्या तिजोरीतून जादा पैसाही जात नाही.

दुसरे, प्रश्न असे घाला की उत्तर उतरवता येणार नाही. क्षेत्रीय कार्य पुस्तकात पहिल्यापासून छापलेले आहे, ते फक्त गुणांच्या बाहेर राहिले. वाणिज्यच्या विद्यार्थ्याने ओळखीच्या किराणा दुकानाच्या एका आठवड्याच्या नोंदी घेऊन रोजकीर्द आणि खतावणी मांडावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने गावातल्या वीरगळाचे किंवा जुन्या वाड्याचे वर्णन करावे. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने आपल्या बचतगटाच्या सभासदांनी कर्ज कशासाठी घेतले याचा तक्ता करावा. आता तर मोबाइलमधली संगणकीय मदतनीस प्रणाली क्षणात मराठीत दहा पाने लिहून देते, तेव्हा ‘हस्ताक्षरात लिहा’ या अटीला काही अर्थ उरलेला नाही. कोकणातल्या वीरगळाची आणि मराठवाड्यातल्या बचतगटाची माहिती मात्र स्वतःलाच जाऊन आणावी लागते. शंका आली तर संपर्कसत्रात त्याच वहीवर पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत. त्यातून संपर्कसत्राला येण्याचे एक खरे कारणही विद्यार्थ्याला मिळेल.

तिसरे म्हणजे तारीख. गृहपाठ जमा करण्याची शेवटची तारीख जाहीर होते, तशीच तो परत मिळण्याचीही व्हावी, आणि ती परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधीची असावी. परीक्षेनंतर मिळालेला शेरा रद्दीत जातो. जमा करण्याची मुदत वारंवार वाढवली जाते तेव्हा विद्यार्थ्यांना बरे वाटते, पण ती वाढ तपासणीच्या दिवसांतून कापलेली असते.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट बदलायला हवी: तीन वर्षांतच संपवण्याचा अट्टहास. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक धरले तर ३६०० तास होतात. नोकरी करणारा माणूस रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी सहा, असे आठवड्याला १८ तास काढू शकतो, तेही घरच्यांनी साथ दिली तर. म्हणजे एकही आठवडा न चुकवता २०० आठवडे, जवळपास चार वर्षे. त्यात पेरणी आहे, लग्नकार्य आहे, आजारपण आहे. इग्नूमध्ये बी.ए.ला जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, ती यासाठीच. या खेपेला पाचपैकी तीनच विषयांची परीक्षा द्यायची असे ठरवणे म्हणजे अपयश नव्हे. उन्हाळी परीक्षा जूनमध्ये गेली आणि पाऊस वेळेवर आला, तर शेतकऱ्याने डिसेंबरच्या परीक्षेचा हिशेब धरावा. फक्त पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी चुकवू नये. ‘निकाल लागल्यावर भरू’ म्हणून थांबणाऱ्यांचे वर्ष जाते. इग्नूत तर पुनर्नोंदणीसाठी निकालाची वाट पाहावीच लागत नाही. आणि गृहपाठ जमा केल्याची पावती व वहीची छायाप्रत निकाल हाती येईपर्यंत सांभाळून ठेवावी, कारण केंद्राकडून गुण वर चढवायचे राहिले तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही तो विषय अपूर्णच दिसतो आणि तेव्हा दाखवायला दुसरे काही नसते.

हे बदल एकदम सगळ्या राज्यात करण्याची गरज नाही. मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रे नाशिक, पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अमरावती आणि नागपूर अशी आठ आहेत. प्रत्येक विभागातले एक अभ्यासकेंद्र, बी.ए.चे दोन विषय आणि एक सत्र, एवढ्यावर सुरुवात करता येईल. सत्राअखेर तीनच आकडे जाहीर करावेत: किती वह्या आल्या, किती शेऱ्यांसह परत गेल्या, आणि परत गेल्या त्या परीक्षेच्या किती दिवस आधी.